कुंभारणीच्या चिठ्ठ्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, जिच्यापाशी मन मोकळं करते त्या मैत्रिणीलाही नाही. आता माझं वय असं आहे की एखादी गोष्ट उद्यावर टाकणं शोभत नाही. आणि ही तर मी इतकी वर्षं टाकत आले, की टाकण्याचीच सवय झाली. तुमची माझी ओळख नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

माश्यांपासून सुरुवात करते. माणसांपासून केली तर मी पुन्हा काहीतरी गाळीन.

खिडकीच्या चौकटीवर, तसबिरीच्या मागे मातीचं एवढंसं मडकं तुम्ही पाहिलं असेल — बोराएवढं, गोल, वर बारीक गळा. ते करणारी माशी म्हणजे कुंभारीण. आमच्या ग्वाल्हेरात हिंदी बोलणारे लोक तिला अंजनहारी म्हणतात. मडक्यात ती आधी एक अंडं घालते, छताला बारीक दोऱ्यानं लटकावून. मग हिरव्या अळ्या आणते, नांगी मारून लुळ्या केलेल्या, आणि त्या आत कोंबून तोंड लिंपून टाकते. तिचीच एक बहीण मडकं करत नाही. बोरूची नळी, कुलपाचं भोक, असली आयती जागा शोधते आणि आत मातीच्या भिंती घालून खोल्या पाडते. ती गवंडीण. दोघींची जात लावणारे तज्ज्ञ कंबर बघतात, जबडा बघतात, तोंडावरच्या पट्ट्या बघतात. पण ती राहते कशी, पिल्लांना घालते काय, हे मेलेल्या माशीकडे बघून कळत नाही. त्यासाठी टाचणीखाली एक चिठ्ठी लागते. कुठे, कधी, कुणी, काय करताना पाहिली. चिठ्ठी खरी असेल तर ती माशी ज्ञान. खोटी असेल तर? नसलेली परवडली.

मी त्या चिठ्ठ्या खोट्या केल्या.

लिहिलं एकदाचं. पण एवढ्यानं झालं नाही, अजून आहे.

संस्थान विलीन झालं तेव्हा संस्थानच्या फौजेतले पुष्कळ लोक घरी बसले. रंगराव मोहिते सुभेदार त्यातले एक. तीन पिढ्यांपूर्वी दख्खनेतून आलेलं शिपाई घराणं, शहराच्या लष्कर भागात दोन खोल्यांचं घर, बायको, आणि रिकामा दिवस. तोफखान्यात ते अंतर हेरायचे, दुर्बिणीतून. नजरेचा त्यांना अभिमान होता. ती नजर मग त्यांनी कुंभारणींवर लावली. ते शिकलेले म्हणाल तर मराठी चार इयत्ता, पण पद्धत अशी की मी नंतर विद्यापीठांतही क्वचित पाहिली. मडकं खालच्या फळीसकट काढून आणायचं, वर काचेचा पेला पालथा घालायचा, कडेला मलमलची पट्टी, आणि थांबायचं. माशी बाहेर आली की तिला आणि रिकाम्या मडक्याला एकच नंबर. सराफ्यातल्या एका कारागिरानं त्यांना दागिन्यांचा बारीक चिमटा दिला होता, त्यानं ते अळ्या मोजत. कधीकधी मडक्यातून कुंभारीण निघायचीच नाही, वर्खासारखी चमकणारी हिरवी माशी निघायची, दुसऱ्याच्या घरात अंडं घालणारी. तिच्यापुढे ते लिहीत, ‘चोर’.

सगळं मोडीत. चिठ्ठ्याही, वह्याही. त्यांना तेवढीच लिपी हाताला बसलेली होती.

मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत हंगामी नोकरीवर होते. वडील संस्थानच्या दफ्तरात होते. दफ्तर मोडलं, ते घरी आले. घरात नोकरी माझीच उरली. त्यातच राज्यांची पुनर्रचना व्हायची होती — मध्यभारत जाणार, नवं राज्य येणार, राजधानी भोपाळ. कोण भोपाळला जाणार, कोण इथे राहणार, कोण कुठेच नाही, याच्या याद्या रोज नव्या निघत. आणि त्या दिवसांत आमच्या प्रमुखांच्या हाती सुभेदारांची पेटी लागली. चार डझनांवर माश्या, नीट टोचलेल्या. त्यांना वाटलं, कलकत्त्याच्या तज्ज्ञांकडे पाठवावी, विभागाचं नाव होईल.

‘‘कोई मोडी पढ़ सकता है यहाँ?’’ त्यांनी विचारलं.

मी हात वर केला.

मला मोडी येत नव्हती. लहानपणी वडिलांनी अक्षरं गिरवून घेतली होती, संपलं. पण हंगामी बाईला एखादी गोष्ट अशी येते जी दुसऱ्या कुणाला येत नाही — त्या दिवसांत याचा अर्थ काय होता, हे तुम्हाला सांगायला हवं का? हात वर गेला तो गेलाच.

एक तृतीयांश चिठ्ठ्या मला लागल्या. उरलेल्या मी अंदाजानं लावल्या. मोडीत हात न उचलता लिहितात, शब्द कुठे तुटतो ते कळत नाही, आणि सुभेदार काने तर गाळायचेच. ‘हिरवी अळी’ मी ‘हिरवी आळी’ वाचलं आणि लष्करात अशी आळी कुठे म्हणून शहराचा नकाशा धुंडाळला. हसू येतं? मलाही येतं, अजून. पण दुसऱ्या एका चिठ्ठीवर ‘कोळी नाहीत’ होतं. मातीचं घर करणारी आणखी एक माशी असते, ती कोळी साठवते. ही ती नव्हे, एवढं सांगायला त्यांनी मुद्दाम लिहिलेलं. मला ‘कोळी’ लागलं, पुढचं लागलं नाही. मी लिहिलं, कोळी. मडकं की नळी हे जिथे कळलं नाही तिथे मी माशीच्या आकारावरून ठरवलं. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच.

सुभेदारांचं घर कॉलेजपासून पायी दहा मिनिटांवर होतं. जाऊन विचारता आलं असतं; घरी वडिलांना मोडी येत होती, त्यांनाही विचारता आलं असतं. का गेले नाही? कारण विचारलं असतं तर मोडी येत नाही हे उघडं पडलं असतं. दुसरं काही नाही. खूप वर्षं मी दुसरं काही शोधत होते.

माझ्या हस्ताक्षरातले इंग्रजी कागद सक्सेनाबाबूंकडे गेले. ते विभागाचे कारकून, सडपातळ, शांत, पान खायचे पण कपड्यावर कधी डाग नाही. त्यांनी बारीक चिठ्ठ्या टाइप केल्या, एकही अक्षर इकडचं तिकडे न करता. सुभेदारांच्या चिठ्ठ्या टाचण्यांवरून काढून पाकिटात ठेवल्या, टाइप केलेल्या लावल्या, आणि पेटी कलकत्त्याला गेली.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. तज्ज्ञांनी लिहिलं होतं की एकाच जातीची माशी मडकंही करते आणि नळीतही राहते, अळ्याही साठवते आणि कोळीही, हे होऊ शकत नाही. नमुने ठेवून घेतो. नोंदी वापरण्याजोग्या नाहीत. संग्राहकाच्या निरीक्षणावर विसंबता येत नाही.

प्रमुखांनी सुभेदारांना बोलावून घेतलं. ते इस्त्रीचा कोट घालून आले — त्यांना वाटलं, शाबासकी आहे. प्रमुखांनी उभ्यानंच पत्र हिंदीत करून सांगितलं. मी तिथेच होते, कपाटाशी. सगळं ऐकून झाल्यावर सुभेदार माझ्याकडे वळले.

‘‘बाई, चिठ्ठ्या तुम्ही वाचल्यात. माझ्या हातून असं लिहिलं गेलं होतं?’’

ते आरोप करत नव्हते. खरंच विचारत होते.

मी म्हटलं, ‘‘तसंच लिहिलं होतं.’’

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ‘‘मग डोळे गेले म्हणायचे,’’ ते म्हणाले. खिशातून भिंग काढून टेबलावर ठेवलं. ‘‘हे राहू दे इथे. पोरांच्या कामी येईल.’’ आणि प्रमुखांना सलाम करून गेले.

त्या वर्षी मध्यभारत गेलं. सक्सेनाबाबू भोपाळला गेले. मी यादीत राहिले, पुढे कायमही झाले. माझी मोडी, प्रमुखांनी माझ्या कागदांत लिहिलं होतं, विभागाला उपयोगी आहे.

मग उन्हाळ्यात एक कुंभारीण प्रयोगशाळेच्या खिडकीवर आली. बाहेरच्या गळक्या नळाखालून चिखल आणायची, गोळी लावायची, जायची. मी वर्ग सोडून तिच्या खेपा मोजत बसले. गळा करताना ती मागे मागे सरकत होती. अशी बारकाई मी सुभेदारांच्या चिठ्ठ्यांत पाहिली होती, पाहिली आणि पुसली होती. दुसऱ्या दिवशी भिंग पर्समध्ये घातलं आणि त्यांच्या घरी गेले. सांगायलाच गेले होते. शपथेवर सांगते — पण शपथेचा काय उपयोग, सांगितलं तर नाहीच.

दार सुभेदारांच्या बायकोनं, काकींनी, उघडलं. आत येऊ देण्याआधीच हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘हल्ली ते बघत नाहीत हो तिकडे. मडकी सगळी खरवडून टाकली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोनदा नेलं, तो म्हणतो डोळे बिलकुल ठीक आहेत.’’

आतून सुभेदारांचा आवाज आला. ‘‘डोळे ठीक आहेत, म्हणजे डोकं गेलं. सांग ना त्यांना तेही.’’

तुम्ही काय केलं असतं? मला तिथे उंबऱ्यात कळलं की माझ्या तीन शब्दांनी या माणसाच्या वह्याच नव्हे, त्याचा स्वतःवरचा भरवसा नेला होता. तो रोज स्वतःला तपासत होता. भाजीचा हिशेब दोनदा करत होता, काकींनी नंतर सांगितलं, लोकांची नावं पाठ करत होता. आणि मी काय म्हटलं?

‘‘सुभेदारसाहेब, मला मोडी नीट शिकायची आहे. शिकवाल?’’

ते बाहेर दारापाशी आले. मग म्हणाले, ‘‘आता कोण शिकतं मोडी? या.’’

शाळेची पुस्तकं नव्हती, म्हणून त्यांच्या वह्याच आमचं पुस्तक झाल्या. अक्षरं गिरवण्यात पावसाळा गेला; वह्या वाचल्या सबंध हिवाळा, सुट्टीच्या दुपारी, त्यांच्या ओसरीवरच्या उन्हात. ते ओळीवर बोट ठेवत, मी वाचत असे. ‘नंबर सत्तावीस. किल्ल्याच्या उतारावर, दगडाच्या पोटाला. मडकं एकटं. अंडं छताला लोंबतं. हिरव्या अळ्या नऊ. कोळी नाहीत.’ तिथे मी थांबले. त्यांना वाटलं, अडले. त्यांनी प्रेमानं पुढचं अक्षर उलगडून दिलं, ‘‘हा ना. मग ही. नाहीत. आलं लक्षात, बेटा?’’

तोवर मी त्यांना काका म्हणायला लागले होते.

घरी येऊन मी नंबराप्रमाणे सगळं पुन्हा लिहीत होते. वसंतात कलकत्त्याला पाठवलं. सोबत पत्र दिलं: कार्यालयात नक्कल होताना काही चुका झाल्या होत्या, सुधारित यादी जोडली आहे. नक्कल होताना. चुका झाल्या. बघा, कर्ता कुठे आहे त्यात?

उत्तर आलं तेव्हा मी ते जिन्यातच उघडलं. तज्ज्ञांनी लिहिलं होतं की नकलेतल्या चुका गेल्यावर आता प्रत्येक नोंद माशीच्या जातीशी जुळते, घरट्याचं इतकं बारीक वर्णन त्यांच्या हाती फार कमी आलं आहे, आणि दोन जातींची या भागातून आधी नोंदच नव्हती. यादी छापू, निरीक्षक म्हणून मोहित्यांच्या नावासकट.

मी धावत गेले. पत्र मराठीत करून वाचून दाखवलं, दोनदा. काकी पदरानं डोळे पुसत होत्या. काका बसले होते तिथून उठले, खिडकीपाशी गेले, चौकटीवर जिथे पूर्वी मडकी होती तिथे हात फिरवला.

‘‘म्हणजे मी नीट पाहिलं होतं.’’

‘‘हो काका. सगळं नीट पाहिलं होतं.’’

मग ते वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, कुतूहल होतं. ‘‘नक्कल कोणी केली होती?’’

दार उघडं होतं. एक पाऊल टाकायचं होतं. ते माझ्यावर रागावले असते का? मला तर आज वाटतं, चहा टाकायला सांगितला असता. पण मी त्यांना काका म्हणत होते, ते मला बेटा म्हणत होते — आणि मला ते गमवायचं नव्हतं.

‘‘चिठ्ठ्या सक्सेनाबाबूंनी टाइप केल्या होत्या,’’ मी म्हटलं.

वाक्य खरं होतं. शब्दन्‌शब्द खरं. इतकं नीच वाक्य मी आयुष्यात दुसरं बोलले नाही.

काकांनी काय करावं? त्यांनी सक्सेनाबाबूंना भोपाळला कार्ड लिहिलं, हिंदीत, देवनागरीत, एकेक अक्षर कोरून. चूक कुणाच्याही हातून होते, मनाला लावून घेऊ नका, माश्या आता सुखरूप आहेत. मला अभिमानानं दाखवलं टपालपेटीत टाकण्याआधी. मी ‘छान लिहिलंत’ म्हणाले.

आठवड्यानं उलट कार्ड आलं. ‘‘सूबेदार साहब, ग़लती हुई, क्षमा करें। आपका काम सलामत रहे।’’

सक्सेनाबाबूंनी माझ्या हस्ताक्षरावरून टाइप केलं होतं. चूक कुणाची ते त्यांना पक्कं माहीत होतं. एक ओळ लिहून त्यांना सुटता आलं असतं.

पुढच्या वर्षी कुणाच्या तरी लग्नाला ते ग्वाल्हेरला आले, विभागात चक्कर टाकली. मी त्यांना चहा दिला. कॉलेजात कोण नवीन आलं, भोपाळमध्ये घर मिळणं कसं मुश्किल आहे, असं बोलले. निघताना दारात थांबून म्हणाले, ‘‘सुना है, अब आप मोडी अच्छी पढ़ लेती हैं।’’

मी मान हलवली.

‘‘बहुत अच्छा है,’’ ते म्हणाले, आणि गेले. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

काका त्यानंतर नऊ वर्षं जगले आणि नऊ वर्षं त्यांनी पाहिलं. त्यांची वही संपली की नवी मी नेऊन देत असे. शेवटच्या दोन वर्षांत मी वर्ग घेऊन त्यांच्या ओसरीवर जाई. मुलं आधी हसायची, मग पेल्यांभोवती उकिडवी बसायची. त्या ओसरीवर बसलेल्या मुलींतली एक पुढे मधमाश्यांवर काम करून नावाजली. मी स्वतः गवंडिणींवर आयुष्यभर काम केलं आणि ते मला फार आवडलं. हे सुख खोटं नव्हतं. पण माझ्या निवृत्तीच्या समारंभात एकजण म्हणाला की एका सुभेदाराच्या वह्या वाचता याव्यात म्हणून मॅडम मोडी शिकल्या, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडून हसले.

सक्सेनाबाबू वारल्याचं कळलं तेव्हा मी भोपाळला गेले होते. त्यांची मुलगी शाळेत शिकवायची. तिनं मला बसवून सांगितलं, पापा नेहमी सांगायचे, ग्वालियर में मुझसे एक बार बड़ी भूल हुई, एका भल्या माणसाचं सगळं काम माझ्यामुळे वाया जाणार होतं, मी सरळ माफी मागितली. ‘‘हम बच्चे कोई ग़लती छिपाते, तो यही सुनाते थे।’’ तिच्या डोळ्यांत वडिलांचं कौतुक होतं. मी पाण्याचा पेला हातात धरून बसले. पुन्हा गप्प बसले.

मागच्या महिन्यात वैदेही नावाची एक मुलगी दर्पण कॉलनीतल्या माझ्या घरी आली. कुंभारणी आणि गवंडिणींचं नव्यानं वर्गीकरण चाललं आहे, त्या कामावर आहे. जुनी नावं बदलली आहेत, एकेका कुळाचे चार भाग झालेत, आता माशीच्या एका पायातल्या डीएनएवरून नातं तपासता येतं म्हणे. तिनं कलकत्त्याची पेटी उघडून पाहिली होती. सांगत होती, मोहित्यांच्या नोंदींपैकी आजही एकही चुकीची ठरत नाही; एक मडकं ज्या माशीचं म्हणून त्यांनी लिहिलंय, ती निराळी जात असावी अशी शंका आता येतेय, आणि त्यांनी नोंदीत तेव्हाच लिहून ठेवलंय, ‘ही वेगळी वाटते’. वैदेही मराठीतून हिंदीत, हिंदीतून मराठीत उड्या मारत बोलत होती, आणि मी दोन्हींत खूश होत होते. पुढची दोन वर्षं ती किल्ल्याच्या उतारांवर हिंडणार आहे. मला जमेल तितकं मी खाली गाडीत बसून तिच्या वह्या बघणार आहे.

जाताना तिनं एक कागद ठेवला. संग्रहाचा इतिहास लिहायचा आहे, प्रत्येक नमुन्याबरोबर राहणार आहे. पहिल्या चिठ्ठ्या चुकल्या कशा, एवढंच तिला कुठे सापडलं नाही.

हे सगळं मी तिला देणार आहे. एक प्रत भोपाळला, सक्सेनाबाबूंच्या मुलीला; पाकिटावर पत्ता लिहून झाला आहे. ती काय म्हणेल ते तिचं आहे. वैदेहीच्या कागदावर जागा थोडी आहे, म्हणून तिथे मी इतकंच लिहिलं: मोहिते सुभेदारांनी बरोबर पाहिलं होतं आणि बरोबर लिहिलं होतं. सक्सेनाबाबूंनी समोर होतं ते बरोबर टाइप केलं होतं. मोडी येत नसताना येते असं सांगून चिठ्ठ्या मी वाचल्या, विचारल्यावर खोटं बोलले, आणि दोघं हयात असेपर्यंत गप्प राहिले.